घरून ऑनलाइन शिकवताय आणि स्वतःची मुलंही घरीच शिकतायत? मग हे आधी वाचा

ज्यांनी नुकतंच घरून ऑनलाइन शिकवायला घेतलंय आणि ज्यांची स्वतःची मुलंही त्याच घरात, त्याच वेळात अभ्यासाला बसतायत, त्यांच्यासाठी लिहितेय. मीटिंग कशी लावायची, स्क्रीन शेअर कशी करायची, असाइनमेंट कशी टाकायची हे तुम्हाला येतं असं धरूनच चालते. मी शिक्षिका आहे, मुलगी मोठी, मुलगा लहान, आणि सगळं मस्त बसलंय असं आजही म्हणणार नाही, काही संध्याकाळी बोलायचं सुद्धा त्राण उरत नाही. पण एक गोष्ट सुरुवातीलाच कुणी बसवून नीट समजावली असती तर खूप त्रास वाचला असता, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहिणारे.

तुमचा लाइव्ह तास आणि मुलाचा नवीन अभ्यास एकाच वेळी ठेवू नका. कधीच नाही. आजच्या दिवसापुरतं सुद्धा नाही.

सगळे नेमकं हेच करतात, कारण कागदावर ते फार छान दिसतं. दहा ते अकरा माझा तास, दहा ते अकरा मुलीचं गणित, ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसेल, अडलं तर मी आहेच. हे 'मी आहेच' तेवढं घात करतं. मुलाला तुम्ही समोर दिसता म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही मोकळे असता, मग अडल्यावर स्वतः डोकं चालवण्याआधी ते तुमच्याकडे बघतं. तुम्ही हाताने 'थांब' म्हणता. ते थांबतं, आणि थांबतं म्हणजे खरंच थांबतं, तिसऱ्या गणितावर पेन्सिल ठेवून तास संपेपर्यंत बसून राहतं.

आमच्याकडचंच उदाहरण देते. मुलगी ६१२ भागिले ६ करत होती, उत्तर आलं १२. मी माइक म्यूट करून वहीकडे एक नजर टाकली, चुकलंय एवढं बोटाने दाखवलं आणि परत स्क्रीनकडे वळले. तिने खोडलं, तसंच केलं, परत १२. परत खोडलं, परत १२, कागद झिजून फाटायला आला. तिला भागाकार येत होता हो! फक्त सहा शतकं वाटून झाल्यावर उरलेला एक दशक सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य लिहायचं आणि मग बारा एकक वाटायचे, एवढंच सुटत होतं. शेजारी बसून दोन मिनिटांत दिसणारी चूक, पण लांबून बोट दाखवून ती कधीच दिसणार नव्हती. त्यात तिने काय शिकलं, तर 'मला भागाकार जमत नाही'. हे जे मनात बसतं ना, ते काढायला नंतर कितीतरी दिवस जातात. आणि तेव्हाच वर्गात एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मी अर्धवट ऐकून भलत्याचंच उत्तर दिलं. म्हणजे दोन्हीकडचं गेलं.

यामागचं कारण समजून घ्या, नाहीतर तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर लिहिलंय, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, आणि पुढचं काम तेवढं कमी दर्जाचं होतं. तासाभरात दहा वेळा वर्ग-वही-वर्ग-वही केलं तर दोन्हीकडे तुम्ही अर्धेमुर्धेच असणार. तुम्ही कमी पडत नाही आहात, ती मांडणीच चुकीची आहे. आणि 'मला मल्टिटास्किंग जमतं' असं कुणी ठासून सांगितलं तर त्यांच्या मुलांना विचारून बघा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग लाइव्ह तासात मुलांनी काय करायचं? ज्यात प्रश्नच पडणार नाही असं काहीतरी. कालचा धडा पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहायचा, येतात तीच गणितं करायची, आधी वाचलेलं मोठ्याने नाही तर मनात वाचायचं, चित्र, गोष्ट ऐकणं. पुस्तक मिटून आठवणं हे वेळ काढायचं काम नाहीये बरं का, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्याने जास्त लक्षात राहतं. म्हणजे तुमच्या तासात मूल जे एकट्याने करतंय तो अभ्यासच आहे, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

तरी अडणारच. त्यासाठी आमच्याकडे एक प्रश्नवही आहे. अडलं की त्यात लिहायचं काय अडलं आणि मी काय करून बघितलं, मग पुढच्या प्रश्नावर जायचं. धाकट्याला एवढं लिहिता येत नाही, तो पुस्तकात त्या ओळीशेजारी गोल करतो. तास संपला की मी पहिली ती वही उघडते, ईमेल नाही, मेसेज नाही, आधी ती वही. हे पाळलं नाही तर वही दोन दिवसांत बंद पडते, कारण मुलांचा विश्वास त्यावरच असतो. गंमत म्हणजे वही उघडेपर्यंत बरेचसे प्रश्न मुलीने स्वतःच खोडलेले असतात, लिहिता लिहिता सुटलेले.

लहान मुलांना 'अर्ध्या तासाने ये' कळत नाही. दारावर लाल-हिरवी पाटी लावायचं सगळे सांगतात पण ती किती वेळ लाल राहणार हे पाटी सांगत नाही, म्हणून मूल दर पाच मिनिटांनी पाटी बघायला येतं. त्यापेक्षा काट्यांचं घड्याळ घ्या आणि मोठा काटा जिथे आल्यावर आई मोकळी होणार तिथे स्टिकर चिकटवा. झूमचं फुकट अकाउंट असेल तर ४० मिनिटांत मीटिंग आपोआप बंद पडते, त्याचा मी उलटा फायदा घेते. स्टिकर तिथेच लावते आणि शब्द पाळला जातो.

आता नव्या भागाला कधी बसायचं? मी माझ्या कामाचे चार ढीग केलेत. लाइव्ह, रेकॉर्डिंग, तपासणी आणि तयारी. नव्या लोकांना वाटतं लाइव्हलाच शांतता सर्वात जास्त लागते. माझा अनुभव वेगळा आहे, लाइव्हमध्ये विद्यार्थी एक मिनिट थांबतात, त्यांच्याही घरात आवाज असतात, ते समजून घेतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक दार वाजलं की सगळं परत करा, म्हणून ते मुलं झोपल्यावर किंवा उठायच्या आधी. आणि तपासणी ही मधे मधे उठून करता येईल असं वाटतं पण इथे जपा. मधे उठून आल्यावर मी नकळत कडक होते, पुढच्या पेपरला अर्धा मार्क कमी पडतो, आणि ज्या मुलाचा तो पेपर आहे त्याचा यात काय दोष? म्हणून एक प्रश्न सगळ्यांचा सलग तपासायचा आणि मगच उठायचं. राहिली तयारी, म्हणजे स्लाइड करणं, नोट्स शोधणं, ती मुलं शेजारी असताना चालते. मुलाचा नवीन भाग मात्र पूर्ण मोकळ्या वीस मिनिटांत, लॅपटॉप बंद करून. वीस मिनिटं खूप होतात, खरंच होतात.

पण ती वीस मिनिटं लाइव्ह तासाला चिकटून ठेवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलचा थकवा का येतो त्याची कारणं मांडली होती, सतत जवळून डोळ्यात बघणं, स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका जागी अडकून राहणं आणि हावभाव कळायला लागणारी जास्तीची मेहनत. शिक्षकाच्या वाट्याला हे चारही एकदम येतात. तासानंतर लगेच मुलाच्या वहीजवळ बसलात तर आवाज चढणारच. स्वतःचा व्हिडिओ स्वतःला दिसणं बंद करा, तसा पर्याय असतो, आणि मधे थोडं चाला.

टेक्निकल गोष्टी पटकन. घरात दोन ऑनलाइन तास एकाच वेळी चालले की अडचण बहुतेक अपलोडची असते, डाउनलोडची नाही, आणि बऱ्याच कनेक्शनवर अपलोडचा वेग कमीच दिलेला असतो. स्वतःच्या लॅपटॉपला केबल लावा, वायफाय मुलांना ठेवा. झूममध्ये म्यूटवर राहून बोलायचं तेव्हा स्पेसबार दाबून धरा, सोडला की परत म्यूट, त्यामुळे घरातलं बोलणं वर्गात जात नाही. मुलाला तुमच्या लॉगिनवर कधीच बसवू नका, ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा. एक चुकीचं क्लिक आणि तुमच्या वर्गाची पोस्ट उडते, शिवाय दुसऱ्यांच्या मुलांचे मार्क तुमच्या मुलाने बघणं हे अजिबात बरोबर नाही.

एक कडक सूचना. 'माझ्या वर्गातली मुलं हे दोन मिनिटांत करतात' हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. तुम्ही दिवसभर दुसऱ्या मुलांशी गोड बोलताना तुमच्या मुलाला ऐकू येत असतं, त्याला ते आधीच लागलेलं असतं. घरी शिक्षकाचा आवाज काढू नका. मुलगी मला एकदा म्हणाली, "तू त्यांना 'छान प्रयत्न' म्हणतेस, मला 'लक्ष दे' म्हणतेस." ते मी विसरलेले नाही.

सल्ला कुणाचा घ्यायचा? ज्यांनी स्वतः घरात मुलं असताना ऑनलाइन शिकवलंय त्यांचाच. ज्यांची मुलं तेव्हा दुसरं कुणीतरी बघत होतं ते चांगले शिक्षक असतील पण या बाबतीत त्यांचं वेळापत्रक तुमच्या कामाचं नाही. आणि उत्तरं सोडवून देणारी ॲप्स मुलाला देऊन वेळ वाचवायचा मोह टाळा, त्यात तुमचा वेळ वाचतो आणि मुलाचं जे अडलंय ते तसंच राहतं. त्यापेक्षा तुम्हीच पाच मिनिटांचं समजावणं फोनवर रेकॉर्ड करून द्या. सलमान खान (नट नव्हे, खान अकॅडमी ही फुकट ऑनलाइन शिकवणारी संस्था काढणारे) २००४ मध्ये लांब राहणाऱ्या, नात्यातल्या बहिणीला फोन-इंटरनेटवरून शिकवायला लागले होते, आणि नंतर व्हिडिओ केल्यावर भावंडांनी त्यांना सांगितलं की समोर असण्यापेक्षा व्हिडिओवरच बरा वाटतोस. कारण साधं आहे, थांबवता येतं, परत ऐकता येतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटत नाही. आपल्या मुलांनाही लाज वाटते, आईसमोर सुद्धा.

काही दिवस काहीच होणार नाही. तास घेतला, मुलांनी नुसतं चित्र काढलं, संपला दिवस. चालतं. आठवडा धरून बघा, दिवस धरून नाही.

आणि शेवटचं, हे मात्र वेळापत्रक लागायच्या आधी करा. वेळापत्रक ठरवणाऱ्यांना पहिल्याच बोलण्यात सांगा की माझी मुलं घरी आहेत, मला सलग दोन लाइव्ह तास नकोत, मधे अर्धा तास हवा. वेळापत्रक एकदा लागलं की कुणी बदलत नाही, पण लागायच्या आधी बहुतेक जण ऐकतात. तो अर्धा तास मिळाला की त्यात आधी चाला, मग प्रश्नवही उघडा.