देवाला विचारायचं तर नीट विचारा

नोकरी बदलायची का, मुलीला आलेलं स्थळ पुढे न्यायचं का, आई इथे एकटी असताना आपण पुण्याला जायचं का. कोल्हापुरातल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेत विनंत्या सांगायची वेळ आली की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. "देवाची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करा," असं म्हणून माणूस खाली बसतो. प्रार्थना होते, चहा होतो, आणि तो आला तसाच गोंधळलेला घरी जातो. वाटेत कुणीतरी त्याला गाठून सांगतं, "डोळे मिटून बायबल उघड, बोट ठेव, येईल ते वचन तुझं." असले सल्ले ऐकून माझे कान किटलेत. म्हणून इतकी वर्षं तोंडी सांगत आलो ते एकदा लिहून काढतोय.

रोजचं वाचन, प्रार्थना आणि रविवारची उपासना चालू आहे, असं धरून चालतो. वर्षभर गुडघे टेकायचे नाहीत आणि ऑफर लेटर हातात पडल्यावर आज रात्रीत उत्तर मागायचं, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न लिहून काढा

एका वाक्यात, वहीत, तारीख घालून. "माझ्या भविष्याबद्दल मार्गदर्शन हवंय" हा प्रश्न झाला नाही. "इथली गोकुळ शिरगावची नोकरी सोडून पुण्याजवळ चाकणची घेऊ का?" हा प्रश्न झाला.

लिहिल्यावर आधी एवढंच बघा, की याचं उत्तर पवित्र शास्त्रात आधीच दिलेलं नाही ना. कामगाराची मजुरी अडवून धरू का, बहिणीला न सांगता वडिलांच्या जागेची वाटणी उरकू का, स्थळाकडच्यांपासून मुलाचा आजार लपवू का, यावर उपवास-प्रार्थना नको. अडवलेल्या मजुरीबद्दल याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे लिहिलंय ते वाचा आणि संध्याकाळी पैसे देऊन टाका. असल्या प्रश्नावर उपवास धरणाऱ्याला पळवाट हवी असते, दुसरं काही नाही.

मन मोकळं करा

सगळे इथेच अडकतात. मीही या पायरीवर बरीच वर्षं धडपडलोय, त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 42वा अध्याय काढा. यरुशलेम पडलंय, बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झालाय, मागे उरलेले लोक सूड घेतला जाईल म्हणून घाबरलेत. योहानान बिन कारेह आणि बाकीचे सरदार यिर्मयाकडे येतात आणि विनवतात, आम्ही कुठल्या वाटेने जावं ते देवाला विचार. उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू, अशी शपथही घेतात. प्रार्थना म्हणून याला नाव ठेवायला जागा नाही. पण आदल्या अध्यायाच्या शेवटी काय आहे ते बहुतेक जण वाचत नाहीत. मिसरला, म्हणजे इजिप्तला, जायचं म्हणून ही मंडळी निघालेली होती आणि बेथलेहेमजवळ मुक्काम टाकून बसली होती. सामान बांधून झाल्यावर विचारायला आले होते. 10 दिवसांनी उत्तर आलं, इथेच राहा. त्यावर ते यिर्मयाला म्हणाले, तू खोटं बोलतोस. आणि त्याला बरोबर घेऊन मिसरला गेले.

आपल्यातले दहातले आठ जण असेच विचारायला जातात. निर्णय झालेला असतो, फ्लॅटचं टोकन दिलेलं असतं, घरात पेढे वाटायची तयारी असते. देवाकडून सल्ला नको असतो, कागदावर सही-शिक्का तेवढा हवा असतो. मग तो शिक्का कुठूनही चालतो. स्वप्नातून चालतो, व्हॉट्सॲपवर सकाळी आलेल्या वचनातून चालतो, रिक्षाच्या मागे लिहिलेल्या ओळीतूनही चालतो.

आपला मुक्काम बेथलेहेमजवळ पडलाय का, हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे, पण अंगावर येते. वहीत दोन्ही उत्तरं लिहा. "जा" एका पानावर, "जाऊ नको" दुसऱ्या पानावर. एकेक मोठ्याने वाचा, जणू देवाने तेच सांगितलंय. ज्या पानावर तुमच्या मनात लगेच "पण" सुरू होतो, त्या पानावर थांबा. तो "पण" पूर्ण लिहा. "पण मग धाकटा भाऊ माझ्यापुढे जाईल." "पण मग सासूबाईंबरोबर इथेच राहावं लागेल." "पण मी सगळ्यांना सांगून बसलोय." खरा विषय इथे बाहेर येतो. चाकणच्या नोकरीचा प्रश्न कित्येकदा चाकणचा नसतोच.

आता प्रार्थना त्या "पण"ची करा. आणि कृपा करून गुळगुळीत करू नका. "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो" हे पहिलं वाक्य असूच नये. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी आपल्याला काय हवं ते सांगितलं, हा दुःखाचा प्याला टळून जावो, आणि मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हटलं. आपण पहिलं वाक्य गिळतो आणि थेट दुसरं म्हणतो. ऐकायला ते फार आध्यात्मिक वाटतं, पण गिळलेली इच्छा आतून सगळा कारभार चालवत राहते. "मला ही नोकरी हवी आहे, कारण मला धाकट्याच्या पुढे राहायचंय," असं तोंडाने म्हणून बघा. म्हणताना लाज वाटेल. वाटू द्या.

हे एका बैठकीत होत नाही. किती दिवस लागतात याचं कोष्टक कुणी देऊ लागला तर त्याच्यापासून लांब राहा. मोकळं झाल्याची खूण एवढीच, की दोन्ही पानं वाचताना आवाज सारखा राहतो. इच्छा मेलेली नसते; ती असते, पण वाद घालत नाही. तोवर टोकन देऊ नका, नातेवाइकांना सांगू नका, सहकाऱ्यांकडे निरोपाची भाषा सुरू करू नका. जितकं जाहीर कराल तितकं मागे फिरणं जड जातं.

दोन धोके. पहिला, उपवासाचा. मोकळं व्हायला उपवास मदत करतो, यात शंका नाही. पण देवाला वाकवायला धरलेला उपवास मी ओळखतो. तो धरणारा तिसऱ्या दिवशी चिडचिडा होतो आणि घरच्यांवर ओरडतो.

दुसरा धोका शांतीचा, आणि यावर माझं कुणाशी जमत नाही. "मला आतून शांती आहे, म्हणजे ही देवाचीच इच्छा," हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, इतकं मुरलंय की त्यापुढे कुणी बोलत नाही. योनाचं पुस्तक उघडा. देवाने निनवेला पाठवलेला माणूस उलट्या दिशेच्या जहाजात बसला, बाहेर वादळ, खलाशी जीव मुठीत धरून, आणि हा खाली गाढ झोपलेला. त्याला शांती नव्हती असं कोण म्हणेल? उलट गेथशेमानेत, पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी, प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. निर्णय झाला की डोक्यावरचा ताण उतरतो, चुकीचा निर्णय झाला तरी उतरतो. शांती वाटली तर आभार माना, पण पुरावा म्हणून पुढे करू नका.

वाचन

बोट ठेवून वचन काढू नका. शेजारी देवाला कौल लावतात म्हणून आपण नाक मुरडायचं आणि घरी येऊन वचनाच्या चिठ्ठ्या काढायच्या, हे मला पटत नाही. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन मिळतं, ते ठेवा, आनंदाने भिंतीवर लावा. पण त्यावरून मे महिन्यात लग्न ठरवू नका.

यिर्मया 29:11 हे सगळ्यांचं लाडकं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असा त्याचा अर्थ. ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं थांबायचं सांगितलंय. त्याच पत्रात घरं बांधा, बागा लावा, जिथे आहात त्या नगराचं हित पाहा, असंही आहे. ते मात्र कुणी फ्रेम करून लावत नाही.

तुमचं नेहमीचं वाचन जिथे असेल तिथूनच चालू ठेवा. जोडीला बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक घ्या. अध्याय 31 आहेत, तारखेप्रमाणे रोज एक. त्यात चाकण सापडणार नाही. हाव कशी बोलते, आळस कशाची सबब सांगतो, जामीन राहिल्यावर काय होतं, हे सापडेल. महिनाभर ते कानावर पडलं की आपल्याच बोलण्यातली हाव ओळखू येऊ लागते. मार्गदर्शन बहुतेक वेळा या रस्त्याने येतं, आणि ते येताना कसला आवाज होत नाही.

खुणा मागणं

नको. देवाकडे दवाची खूण मागायला गिदोनाने रात्री लोकर ठेवली, असं लगेच कुणीतरी म्हणतं. शास्ते 6 पुन्हा वाचा. काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याने ठेवली ती भीतीपोटी, आणि एकदा खूण मिळूनही भागलं नाही म्हणून दुसऱ्या रात्री परत. देवाने त्याला सांभाळून घेतलं, ही देवाची दया. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्तीयाला चिठ्ठ्या टाकून निवडलं हेही खरं, पण ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा आला, आणि त्यानंतर त्या पुस्तकात कुणी चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतलेला नाही.

माणसांना विचारा, पण निवडून

अहाब राजाने युद्धाला जाऊ का म्हणून सुमारे 400 संदेष्ट्यांना विचारलं. सगळे जा म्हणाले. मीखाया तेवढा वेगळं बोलायचा, आणि अहाब त्याच्याबद्दल आधीच सांगून मोकळा झाला होता, की मला त्याचा राग येतो, तो माझ्याबद्दल कधी चांगलं सांगतच नाही. आपला फोनही नेमका "जा" म्हणणाऱ्यांनाच लागतो.

तीन जण पुरे. एक, त्या कामातला माहीतगार, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. दुसरा, तुम्हाला पूर्वी कधीतरी तोंडावर "नाही" म्हणालेला. तिसरं, तुमच्या निर्णयाचं ओझं जे उचलणार ते: बायको, नवरा, आई. हे तिसरं माणूस पुरुष मंडळी सर्रास विसरतात आणि घरी फक्त निर्णय कळवतात.

पाळकसाहेबांकडे जरूर जा, पण त्यांना पगाराचा आणि बाँडचा हिशोब विचारू नका. माझ्या स्वभावात या निर्णयाच्या वेळी काय आडवं येतंय असं तुम्हाला वाटतं, हे विचारा. ते गप्प बसले तर बसू द्या. उत्तर थोड्या वेळाने येतं.

"देवाने मला सांगितलंय की तू हिच्याशी लग्न कर," असं म्हणणारा भेटला तर सलाम करून निघा. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा. पारख करू न देणारा आणि प्रार्थनेनंतर पाकिटाची वाट बघणारा, दोघांनाही दारातूनच परत पाठवा.

हिशोब

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढा, हे लूक 14 मध्ये प्रभूनेच सांगितलंय, तेव्हा यात अविश्वास काही नाही. भाडं, डिपॉझिट, मुलांची शाळा. कोल्हापूर ते पुणे सुमारे 230 किलोमीटर. आईला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर कोण धावेल, त्याचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर तेही एक उत्तर आहे. तिथे कुठल्या मंडळीत जाणार हे आधी शोधा, घर नंतर.

मग ठरवा

देव गप्प आहे आणि दोन्ही वाटा चांगल्या आहेत, असंही होतं. मग शहाणपणाने एक निवडा आणि चालू लागा. याकोबाच्या पहिल्या अध्यायात जे ज्ञान मागायला सांगितलंय आणि जे देव दोष न लावता देतो म्हटलंय, ते असं निवडता यावं म्हणूनच तर मागायचं.

निर्णयानंतर त्रास सुरू झाला, की "हे देवाचं नव्हतंच" म्हणणारे हजर होतात. पौलाला मासेदोनियाला ये असा दृष्टान्त झाला, तो लगेच निघाला, आणि तिथल्या फिलिप्पै शहरात फटके खाऊन तुरुंगात पडला. दार बंद होणं हीदेखील दर वेळी देवाची "नाही" नसते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आपल्या कोल्हापुरात आले, पुढे अमेरिकेला परतले, आणि ज्या मिशन बोर्डाने पाठवलं होतं त्याने कोल्हापूरचं काम सोडायचं ठरवलं. 1861 मध्ये ते बोर्डाच्या आधाराशिवाय परत आले. 1870 मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. दाराला कडी दिसताच त्यांनी ती देवाची म्हणून गाठोडं बांधलं असतं, तर आपल्या मंडळीचा इतिहास वेगळा झाला असता.

तेव्हा चाकणला पहिल्या महिन्यात साहेब खडूस निघाला, खोलीत पाणी येत नसलं, तर जुना प्रश्न उकरून पुन्हा खुणा मागू नका. वहीत निर्णयाची तारीख आणि कारणं लिहिलेली असतील, ती वाचा. कारणं अजून खरी असतील तर कामाला जा. परिस्थिती खरोखर बदलली असेल, आई आजारी पडली असेल, कंपनीने कबूल केलेलं दिलं नसेल, तर तो नवा प्रश्न झाला. नवं पान घ्या, आणि सामान बांधण्याआधी विचारा.