सायकलचे पुढचे चाक घरी बांधताना

पहिल्यांदाच चाक बांधणाऱ्याने रिम-ब्रेकच्या (म्हणजे रबरी गुटके रिमला घासून थांबणाऱ्या) पुढच्या चाकापासून सुरुवात करावी. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांसाठी जागा सोडावी लागत असल्याने उजवीकडचे स्पोक अधिक उभे बसतात आणि त्यांना डावीकडच्यांपेक्षा बराच जास्त ताण द्यावा लागतो. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे हाताला ताणाचा अंदाज लवकर येतो. रिम मात्र नवीच घ्यावी, कारण वाकलेली रिम कमीजास्त ताण देऊनच सरळ दिसते आणि असे चाक फार काळ टिकत नाही.

स्पोकची लांबी रिमचा आतील व्यास, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) स्पोक ओवायच्या दोन कडांचा व्यास, त्या कडांमधील अंतर, छिद्रांची संख्या आणि विणीतील छेद, म्हणजे एक स्पोक आपल्या कडेच्या किती स्पोकांना ओलांडतो, यांवर ठरते. मापे स्वतः घ्यावीत. एक-दोन मिलिमीटरचा फरकही पुढे त्रास देतो.

३२ छिद्रांच्या चाकासाठी तीन छेदांची वीण घ्यावी. हबच्या एका कडेच्या एकाआड एक छिद्रांतून आठ स्पोक बाहेरून आत ओवावेत. पहिला व्हॉल्व्हच्या छिद्राशेजारी, त्याच बाजूला झुकलेल्या छिद्रात आणि नंतरचे रिमच्या दर चौथ्या छिद्रात बसवून निपल (स्पोकचे टोक रिममध्ये आवळणारी छोटी नट) दोन-तीन फेरेच फिरवावेत. दुसऱ्या कडेचे आठ स्पोक त्यांच्या लगतच्या छिद्रांत बसवून हब फिरवावा, म्हणजे सर्व स्पोक तिरके होतील. उरलेले सोळा आतून बाहेर ओवून उलट दिशेला न्यावेत. त्यांतील प्रत्येकाने आपल्याच कडेच्या तीन स्पोकांना छेदावे, पहिल्या दोघांच्या बाहेरून आणि तिसऱ्याच्या आतून. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक जवळपास समांतर आले नाहीत, तर पंप लावायला जागा उरत नाही. तेव्हा वीण पुन्हा तपासावी.

मग सगळे निपल स्पोकचे आटे नुकतेच दिसेनासे होईपर्यंत फिरवावेत आणि तेथून पुढे दर फेरीत प्रत्येकाला अर्धा, नंतर पावच फेरा द्यावा. घाई येथेच नडते. रिम उजवीकडे सरकत असेल तर तेथील डावीकडचे स्पोक आवळावेत आणि उजवीकडचे तितकेच सैल करावेत. उंचवटा असेल तर दोन्ही बाजूंचे लगतचे स्पोक एकत्र आवळावेत. आउट, म्हणजे फिरताना रिमचे असे डोलणे, पाहण्यासाठी सायकल उलटी करून फोर्कला प्लॅस्टिकची पट्टी बांधली तरी पुरते. चाक उलटे बसवूनही रिम त्याच जागी आली, तर ती मध्यावर आहे.

चालत्या चाकात जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमी होतो, म्हणून सैल राहिलेला स्पोक पूर्ण ढिला पडतो आणि त्याचा निपल हळूहळू सुटतो. एका बाजूच्या सर्व स्पोकांना बोटाने छेडून आवाज जवळपास सारखा येईपर्यंत काम थांबवू नये. शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या दोन्ही हातांनी जोरात दाबाव्यात, त्यामुळे ते हबवर नीट बसतात, आणि मग निघालेला नवा आउट काढूनच रिमपट्टी चढवावी.