कमी बजेटमध्ये पीसी जुळवताय? आधी हे बघा

गेमिंग नसेल, कॉलेजचं काम न् थोडंफार एडिटिंग एवढंच असेल तर ग्राफिक कार्ड घेऊच नका, एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असतंय. इंटेलचा प्रोसेसर बघत असाल तर नावाच्या शेवटी एफ आहे का बघा, १२४००एफ स्वस्त पडतोय म्हणून उचलला की कार्डाशिवाय डिस्प्लेच येत नाही. रॅम १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ च्या दोन, आतल्या ग्राफिक्सला लई फरक पडतो. स्टोरेजला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बास. आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय? हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यागत हलका लागतो. सांगलीत वळवाच्या पावसात लाईट कशी नाचते माहितीय ना, चांगला, ८० प्लस ब्रॉन्झवालाच (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) घ्या, रंगीत लाईटवाल्या आरजीबी फॅनचे पैसे इकडं घाला. बिल मात्र पक्कं, सिरीयल नंबरसकट.