एरर आली म्हणून लगेच रॅम घेऊ नका

निळा पडदा दरवेळी वेगळा कोड दाखवतो, डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) देते, विंडोज टाकताना फाइल कॉपी होता होता अडकते. हे सगळं एकाच सेकंडहँड लॅपटॉपवर होत असेल तर संशय रॅमवर, म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीवर, घ्या. एकाच कामाला एकच कोड येत असेल तर आधी ड्रायव्हर आणि डिस्क बघा.

विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकमध्ये (रॅम तपासायची विंडोजचीच सोय) काही निघालं नाही म्हणजे रॅम चांगली, असं नाही. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा, किमान चार पास (पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. बॅटरी मेलेली असेल तर लाइन गेली की सगळं पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टरवर लावा. एकही एरर चालत नाही. ‘एखादी चालते’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली शिकू नका.

नवीन पोरं फसतात ती इथून पुढे. मेमटेस्टमध्ये एररच्या लाल ओळी दिसल्या की थेट रॅम विकत घेतात. पण ती चाचणी चूक स्टिकची (रॅमची पट्टी) की स्लॉटची (ती बसते ती खाच), हे सांगत नाही. दोन स्टिक, दोन स्लॉट असतील तर प्रत्येक स्टिक एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये लावून बघा. चार चाचण्या होतात. एकच स्टिक दोन्हीकडे नापास झाली तर स्टिक गेली. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या तर स्लॉट किंवा मदरबोर्ड गेला. तिथे नवी रॅम म्हणजे पैसे पाण्यात. एकेकट्या पास, जोडीने नापास, तर बहुधा जोडी जुळत नाही. आणि नुसती काढून परत लावल्यावर एरर गेली, तर संपर्कच ढिला होता. घाबरू नका, बऱ्याचदा एवढंच निघतं.

काढण्याआधी चार्जर आणि बॅटरीचा कनेक्टर काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. दोन्ही क्लिपा बाहेर ओढल्या की स्टिक आपोआप वर उचलते. स्टिकच्या सोनेरी कडेवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा. पेट्रोल, थिनर अजिबात नाही, व्हिडिओत कोणी काहीही दाखवो. लावताना तिरपी आत सारा, मग दोन्ही क्लिपा खट् वाजेपर्यंत खाली दाबा. अर्धवट बसलेल्या स्टिकमुळे चांगला बोर्ड ‘गेला’ म्हणून भंगारात काढू नका.

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात रात्री पास झालेली रॅम दुपारी नापास होऊ शकते, कारण तापल्यावर मेमरीच्या पेशींतला चार्ज लवकर गळतो. जिनिंगजवळच्या गावात पंख्यात कापसाची फुणकी अडकलेली असते. ती काढा, मग भर दुपारी पुन्हा तपासा. कूलरची ओली हवा मात्र थेट मशीनवर नको.

घ्यायचीच वेळ आली तर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जाताना जुनी स्टिक सोबत न्या. लेबलवर पीसी३एल असेल तर ती १.३५ व्होल्टची, नुसतं पीसी३ म्हणजे १.५ ची, ३एल मागणारं मशीन साध्या स्टिकवर बहुतेक सुरूच होत नाही. बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि त्याच रात्री मेमटेस्ट लावा.