बायोचार घातला आणि झाड पिवळं पडलं? या चुका टाळा

कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, बांधावर रचायची आणि काडी लावायची, ही विदर्भातली जुनी सवय. आता काही शेतकरी तिचाच बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला, जमिनीत घालायचा कोळसा, करू लागलेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण भट्टीतला कोळसा थेट संत्र्याच्या आळ्यात जातो, पुढे पानं पिवळी पडतात आणि बायोचार बदनाम होतो.

आधी कोणती पानं पिवळी आहेत ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकट झाली असतील, तर नत्र कमी पडलंय. कोरा कोळसा आजूबाजूचं नत्र काही काळ स्वतःतच अडकवून ठेवतो. म्हणून तो आधी मुरवावा लागतो, आणि सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. गहू-हरभऱ्याएवढा बारीक करा, तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळा, जीवामृताने (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी) किंवा शेणाच्या काल्याने भिजवा आणि सावलीत दोन-तीन आठवडे ओला ठेवा. मधूनमधून खालीवर करा. कोरा कोळसा आधीच घातला असेल, तर आळ्यात शेणखत आणि जीवामृत द्या.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचं दुखणं. बायोचार, विशेषतः राख मिसळलेला, जमिनीचा सामू (पीएच) आणखी वाढवतो. सामू 8 च्या वर असेल तर अख्ख्या बागेत घालूच नका. दोन-चार झाडांवर थोडा वापरून पाहा. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत आंबा-काजूला हाच गुण उपयोगी पडतो. माती परीक्षणाचा कागद हातात असल्याशिवाय घमेलं उचलू नये, असं माझं ठाम मत आहे.

भट्टीतल्या चुका वेगळ्या. काडी कट्कन मोडेल इतकी वाळलेली हवी. वर रुंद, तळाशी निमुळता खड्डा घ्या, आग वरून लावा आणि वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. दाट धूर म्हणजे माल ओला आहे किंवा थर घाईने पडलाय. शेवटी पाणी भरपूर मारा, ढीग उलथून पुन्हा मारा. एक निखारा राहिला तरी रात्रीत सगळ्याची राख होते. थंड झालेला तुकडा ओल्या बोटांत चोळा. काळं नुसत्या पाण्याने निघालं तर माल चांगला झालाय. तेलकट, चिकट राहिलं तर डांबर उरलंय, तो पुढच्या भट्टीत परत टाका. रंगवलेलं लाकूड किंवा प्लॅस्टिक भट्टीत कधीच नको.

घालताना खोडाला चिकटवू नका. अन्न घेणारी पांढरी मुळी झाडाच्या घेराच्या कडेला जास्त असते. तिथे मुळ्या न तोडता उथळ चर घ्या, मातीत मिसळा, वर आच्छादन करा. नव्या लागवडीत खड्ड्यातल्या मातीच्या 5 ते 10 टक्के पुरे. कोळसा ओला करूनच फोडा आणि तोंडाला फडकं बांधा, ती भुकटी छातीत जाते. शेणखताचा नेहमीचा हप्ता मात्र कमी करू नका.