मोझेलची रीस्लिंग: चाखावी कशी आणि कशाबरोबर घ्यावी

जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात, पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर पिकणाऱ्या रीस्लिंग द्राक्षांची वाइन प्रथमच घेणाऱ्याने बाटली उघडण्याआधी लेबलावरील अल्कोहोलचा आकडा पाहावा. रस आंबताना त्यातील साखरेचेच अल्कोहोल होत असल्यामुळे, आकडा 7.5 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर बरीच साखर वाइनमध्ये तशीच उरलेली असते, 11.5 च्या पुढे गेल्यास वाइन बहुधा कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली, निघते. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, हे सरळ आहे. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’ आणि ‘आउसलेझे’ ही नावे मात्र द्राक्षे तोडताना किती पिकली होती एवढेच सांगतात, गोडीची हमी देत नाहीत, आणि नवख्याची फसगत बहुधा इथेच होते.

वाइन 8 ते 10 अंश सेल्सिअसपर्यंत गार करावी. त्याहून गार केल्यास तिचा वास दबतो. ताज्या वाइनला हिरवे सफरचंद, लिंबू किंवा पीच यांचा वास येतो, तर मुरलेल्या वाइनला कधीकधी चक्क पेट्रोलसारखा. तो दोष समजून बाटली बाजूला सारू नये. मग एक घोट तोंडभर घोळवून गिळावा आणि लाळ किती सुटते याकडे लक्ष द्यावे, कारण आंबटपणा जोखण्याची तीच सोपी रीत आहे. फळांच्या वासामुळे गोडीचा भास होत असल्याने दुसरा घोट नाक दाबून घ्यावा. तरीही गोड लागली तर ती गोडी साखरेचीच.

जेवताना आधी घोट, मग घास, पुन्हा घोट असा क्रम ठेवावा. कोरडी रीस्लिंग ट्राउट माशाबरोबर किंवा लोणी घातलेल्या सॉसमधील पांढऱ्या ॲस्परॅगसबरोबर (कोवळ्या कोंबांची एक भाजी) घ्यावी; या भाजीचा जर्मनीतील हंगाम परंपरेने 24 जूनला संपतो. धुरावलेल्या, खारट माशाला गोडसर काबिनेट अधिक मानवते. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि साखरेमुळे ती शमते, म्हणून हिरव्या चटणीने भरलेल्या पापलेटाबरोबरही मी हीच निवडेन. तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिचा निभाव लागत नाही. पदार्थच गोड असेल तर वाइन त्याहून गोड हवी, नाहीतर ती नुसतीच आंबट लागते.