बर्गंडीच्या वाइनचे लेबल वाचताना या चुका टाळा

दुकानाच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असे समजा. एकीवर ‘झव्रे-शांबेर्तॅं’ असे छापले आहे आणि दुसरीवर ‘शार्म-शांबेर्तॅं’. दोन्हींत लाल वाइन आहे, दोन्ही पिनो न्वार या एकाच द्राक्षाच्या आहेत आणि दोन्हींची द्राक्षे एकाच गावच्या शिवारात पिकलेली आहेत. असे असूनही पहिली साध्या गावपातळीची वाइन आहे, तर दुसरी ग्रां क्रू, म्हणजे पूर्व फ्रान्समधील बर्गंडी या वाइनप्रदेशातील सर्वोच्च श्रेणीची आहे, आणि त्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असते. जोडनावातला पहिला शब्द बदलला एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक. हा फरक ज्याच्या ध्यानात येत नाही त्याचे पैसे तरी वाया जातात किंवा चांगली बाटली हातची जाते, म्हणून बर्गंडीविषयी नेहमी होणाऱ्या चुकांचा विचार लेबलापासूनच सुरू केला पाहिजे.

बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. नाशिकची बाटली हातात घेतली की तिच्यावर सोव्हिन्यों ब्लां, शेनॅं ब्लां किंवा शिराझ असे द्राक्षाचे नाव ठळकपणे दिसते, आणि आपण त्यावरूनच चवीचा अंदाज बांधतो. बर्गंडीत द्राक्षाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते. तेथे जमिनीचे नाव लिहितात. आपण ‘देवगड’ एवढेच म्हटले तरी ऐकणाऱ्याला हापूस कळतो, तसे ‘मर्सो’ म्हटले की तेथील माणसाला शार्दोनेची पांढरी वाइन कळते आणि ‘व्होल्ने’ म्हटले की पिनो न्वारची लाल. द्राक्षाचे नाव सहसा फक्त सर्वांत खालच्या, प्रादेशिक पातळीवरच्या ‘बुर्गोन्य’ वाइनवर आढळते. त्यामुळे ‘लेबलावर द्राक्ष लिहिलेले नाही, म्हणजे कसले तरी मिश्रण असणार’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा अगदी उलटा ठरतो.

द्राक्षांविषयीचा घोळ

‘बर्गंडी’ हे गडद तांबड्या रंगाचे नाव म्हणून आपल्याकडे रूढ झाले आहे, आणि त्यामुळे तेथील वाइन लालच असते अशी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात या प्रदेशातील निम्म्याहून अधिक वाइन पांढरी असते आणि ती प्रामुख्याने शार्दोनेची असते. लाल वाइन मुख्यतः पिनो न्वारची असते. या दोघांखेरीज अलिगोते हे आंबटसर, चटपटीत पांढरे द्राक्ष आहे, ज्याला बुझरों या गावाने आपल्या नावाची स्वतंत्र ओळख दिली आहे. आणि गामे हे लाल द्राक्ष आहे, ज्याचा इतिहास मोठा रंजक आहे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने १३९५ साली फर्मान काढून गामेच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम दिला होता, कारण ते भरघोस पीक देणारे द्राक्ष पिनोची जागा बळकावू लागले होते. पुढे गामेने दक्षिणेकडील बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर आपले खरे घर शोधले. बोजोलेची वाइन आणि बर्गंडीची लाल वाइन एकच समजणे ही चूक इथून उद्भवते. प्रदेश शेजारी असले तरी द्राक्ष आणि जमीन दोन्ही वेगळी आहेत. बर्गंडीत गामे आजही काही साध्या वाइनमध्ये लागते. ‘पास-तू-ग्रॅं’ नावाच्या वाइनमध्ये ते पिनोबरोबर मिसळले जाते.

नव्या रसिकांची आणखी एक तक्रार असते: ‘एवढे पैसे मोजले आणि वाइन पातळ निघाली.’ पिनो न्वारची साल पातळ असते, म्हणून तिच्यातून उतरणारा रंग फिका आणि तुरटपणा सौम्य असतो. पेल्यातून पलीकडची बोटे दिसत असली तर तो दोष मानू नये. शिराझसारखी शाईगत दाट वाइन ज्याला हवी असेल त्याने बर्गंडीत ती शोधू नये. इथे पाहायचा असतो तो सुगंध, चेरी आणि रासबेरीपासून ओल्या मातीपर्यंत आणि वय वाढेल तसा पालापाचोळ्यापर्यंत उलगडत जाणारा.

प्रमिए म्हणजे पहिला, पण सर्वांत वरचा नव्हे

‘प्रमिए क्रू’ याचा शब्दार्थ ‘पहिल्या दर्जाची लागवड’ असा होतो, आणि तेवढ्यावरून ती श्रेणी सर्वोच्च आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात. बर्गंडीत चार पायऱ्या आहेत. तळाला प्रादेशिक वाइन, जी एकूण उत्पादनाच्या जवळपास निम्मी असते. तिच्यावर गावाच्या नावाची. तिच्यावर प्रमिए क्रू. आणि शिखरावर ग्रां क्रू, जिचा वाटा जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आहे. ग्रां क्रू एकूण ३३ आहेत, त्यांपैकी ३२ कोत द्’ओर या बर्गंडीच्या मुख्य उतारावर आणि एक उत्तरेकडच्या शाब्ली भागात. बोर्दो या फ्रान्समधल्याच दुसऱ्या वाइनप्रदेशाहून इकडे येणाऱ्यांचा गोंधळ अधिकच होतो, कारण तेथे १८५५ साली केलेली क्रमवारी जमिनीची नसून मालमत्तांची, म्हणजे शातोंची होती, आणि तिच्यात लाल वाइनसाठी ‘प्रमिए क्रू’ हेच सर्वोच्च स्थान होते. बोर्दोच्याच सॅं-तेमिलियों भागात ‘ग्रां क्रू’ या शब्दांना पुन्हा तिसराच अर्थ आहे. म्हणून एका प्रदेशाची पट्टी दुसऱ्याला लावू नये.

लेबलावर या पायऱ्या ओळखण्याची रीत एकदा समजली की ती विसरली जात नाही. कोत द्’ओरच्या ग्रां क्रूच्या बाटलीवर गावाचे नाव मुळी लागतच नाही. ‘म्युझिन्यी’, ‘मोंराशे’, ‘कोर्तों’ असे नुसते जमिनीचे नाव पुरते. (‘मोंराशे’च्या फ्रेंच लिखाणातले दोन्ही ‘t’ उच्चारले जात नाहीत, हेही जाता जाता सांगायला हवे.) प्रमिए क्रूवर गावाचे नाव, त्यानंतर शेताचे नाव आणि बहुधा ‘प्रमिए क्रू’ हे शब्द येतात, गाव आणि ‘प्रमिए क्रू’ एवढेच असेल आणि शेताचे नाव नसेल, तर एकाच गावातील अनेक प्रमिए क्रू तुकड्यांची वाइन एकत्र केलेली असू शकते. गावपातळीच्या वाइनवरही कधी कधी शेताचे नाव असते, पण लहान अक्षरांत आणि ‘प्रमिए क्रू’ या शब्दांवाचून. इथेच डोळे फसतात. मर्सोमधील ‘पेरिएर’ प्रमिए क्रू आहे, तर त्याच मर्सोमधील ‘नारव्हो’ गावपातळीचे आहे; कागदावर दोन्ही सारखीच भारदस्त दिसतात.

गावाने शेताचे नाव उसने घेतले तेव्हा

आता आरंभीच्या दोन बाटल्यांकडे परत येऊ. झव्रे या गावाने १८४७ साली आपल्या सर्वांत नामांकित शेताचे, म्हणजे शांबेर्तॅंचे, नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. ही युक्ती इतकी लाभदायक ठरली की इतर गावांनीही तीच वाट धरली. प्युलिन्यी आणि शासान्य या शेजारच्या दोन गावांच्या हद्दींत मोंराशेची जमीन विभागलेली असल्याने १८७९ साली दोन्ही गावांनी ते एकच नाव आपापल्या मागे लावले. परिणाम असा झाला की ‘प्युलिन्यी-मोंराशे’ ही गावाची वाइन आहे आणि ‘मोंराशे’ ही जेमतेम ८ हेक्टरांतून येणारी ग्रां क्रू. ‘वोन-रोमाने’ आणि ‘रोमाने-कोंती’ यांचेही तसेच; दुसरे नाव अवघ्या १.८ हेक्टरांच्या, एकाच मालकाच्या शेताचे आहे. ढोबळ खूण अशी: जोडनावात गावाचे मूळ नाव पुढे असेल तर ती गावाची वाइन, आणि गाव अजिबात दिसत नसेल तर ग्रां क्रू. ‘शार्म’ या एका शब्दाने मात्र सावध राहावे. ‘शार्म-शांबेर्तॅं’ ग्रां क्रू आहे. मर्सोचे ‘शार्म’ पांढऱ्या वाइनचे प्रमिए क्रू आहे. शांबोल-म्युझिन्यीचे ‘शार्म’ लाल वाइनचे प्रमिए क्रू आहे. तिन्ही जमिनी वेगवेगळ्या गावांत आहेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध नाही.

एकाच बांधाच्या आत ऐंशी खातेदार

या तुकड्यांना तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. हवामानासाठीचाही फ्रेंच शब्द तोच असल्याने त्याचे भाषांतर करताना हमखास चूक होते. इथे त्याचा अर्थ हवामान नसून नाव असलेला, हद्द आखलेला जमिनीचा तुकडा असा आहे. आपल्याकडे ‘माळाचे वावर’, ‘विहिरीचा मळा’, ‘ओढ्याकाठची पट्टी’ अशी शेतांची नावे पिढ्यानपिढ्या चालत येतात, तशीच ही नावे आहेत. पेरिएर म्हणजे दगडाच्या खाणी. शाब्लीतील ग्रनुय म्हणजे बेडूक, आणि ते शेत सरॅं नदीच्या जवळ आहे. डिजों शहरापासून दक्षिणेकडे पसरलेल्या उतारावरच्या अशा १,२४७ क्लिमांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. या उताराच्या मधल्या भागात चुनखडीवरचा मातीचा थर पातळ आहे, पाणी साचत नाही आणि पूर्वेकडचे सकाळचे ऊन नीट मिळते, म्हणून उत्तम तुकडे तेथे आहेत. खाली सपाटीवर माती जाड आणि ओलसर होते आणि वाइनची श्रेणीही उतरते. काही ठिकाणी तर नुसता एक रस्ता ओलांडला की गावाची वाइन संपून प्रादेशिक वाइन सुरू होते.

परंतु जमिनीचे नाव वाचून थांबणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. क्लो द वुझोचे उदाहरण घ्या. सितोच्या मठातील सिस्टर्सियन साधूंनी बाराव्या शतकापासून ही जमीन जमवली, तिच्याभोवती दगडी भिंत घातली आणि फ्रेंच राज्यक्रांतीत ती जप्त होईपर्यंत स्वतः कसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची विक्री होऊन वाटण्या सुरू झाल्या, आणि फ्रान्समध्ये सर्व अपत्यांना समान वारसाहक्क देणारा कायदा असल्याने पुढच्या पिढ्यांत त्या वाढतच गेल्या. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे चढत जातात आणि गुंठ्यांचे तुकडे होत जातात हे आपण पाहिलेले असल्याने मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. आज सुमारे ५० हेक्टरांच्या त्या एकाच भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. वरच्या बाजूला, जुन्या वास्तूजवळ, उतार आहे आणि पाणी निथळते. खाली हमरस्त्यालगत जमीन सपाट आणि जड आहे. तरीही सगळ्यांना ‘क्लो द वुझो, ग्रां क्रू’ असेच लिहिण्याचा हक्क आहे. म्हणून शेताच्या नावानंतर लगेच उत्पादकाचे नाव वाचावे. स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणारे ‘डोमेन’ आहे की इतरांकडून द्राक्षे, रस किंवा वाइन घेणारा ‘नेगोसियां’ व्यापारी आहे, हे लेबलावरून कळते. नेगोसियां म्हणजे हलका, असे मात्र समजू नये. त्यांच्यातील कित्येक घराणी अत्यंत काटेकोर आहेत. नेटक्या उत्पादकाची गावपातळीची वाइन आळशी मालकाच्या ग्रां क्रूला मागे टाकते, हे मी पुनःपुन्हा अनुभवले आहे.

सारखी वाटणारी इतर नावे

‘पुयी-फ्विसे’ बर्गंडीच्या दक्षिणेकडील माकोने भागातली शार्दोने आहे, तर ‘पुयी-फ्युमे’ लुआर नदीकाठची सोव्हिन्यों ब्लां. नावाखेरीज त्यांच्यात काहीही समान नाही. ‘ओत-कोत’ या शब्दांतील ‘उंच’ हा अर्थ दर्जाला लागू होत नाही, तर मुख्य उताराच्या मागे असलेल्या उंच, अधिक थंड टेकड्यांना लागू होतो. ‘क्रेमां द बुर्गोन्य’ बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन आहे. तिला शॅम्पेन म्हणू नये.

शाब्लीची गोष्ट थोडी निराळी आहे. हा भाग बोन या बर्गंडीच्या वाइन-व्यापाराच्या मुख्य शहरापासून १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, उत्तरेकडे आहे आणि तेथे फक्त शार्दोने लावतात. ‘शार्दोने म्हणजे लोणी आणि व्हॅनिला’ अशी ज्यांची धारणा असते ते शाब्ली चाखून चकित होतात, कारण लोण्याचा तो स्पर्श आणि व्हॅनिलाचा तो वास प्रामुख्याने वाइन घडवण्याच्या पद्धतीतून आणि ओकच्या नव्या पिंपातून येतात, द्राक्षातून नव्हे. शाब्ली बहुतांशी स्टीलच्या टाक्यांत घडते. ती करकरीत, लिंबासारखी, किंचित खारट वाटते. तेथील किमरिजियन नावाच्या चुनखडीमिश्रित मातीत लहान शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, पण म्हणून शिंपल्यांची चव थेट वाइनमध्ये उतरते असे मात्र मानू नये. उत्तरेकडे असल्याने एप्रिलमधले दहिवर हे तेथले मोठे संकट आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये शाब्लीसह साऱ्या बर्गंडीत कोवळे कोंब गोठून पीक फार घटले. साल पाहून बाटली घ्यायची ती एवढ्यासाठी.

बाटली उघडल्यावर

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील गारठलेल्या घरांसाठी होता. पुण्यात मे महिन्यात खोलीचे तापमान ३४ अंश असते, आणि त्या उष्णतेत पिनो न्वारमधून प्रथम अल्कोहोलच नाकात शिरते. लाल बर्गंडी १४ ते १६ अंशांना द्यावी, म्हणजे फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून. उत्तम पांढरी १२ अंशांच्या आसपास, कारण बर्फगार केली तर तिचा सुगंध मिटून जातो.

तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात आणि निरुपद्रवी असतात. पांढऱ्या वाइनला पेटवलेल्या काडीसारखा वास आला तर ती फेकू नये. पसरट भांड्यात ओतून वीस मिनिटे वाट पाहावी, बहुधा तो वास विरतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र कितीही वेळ ठेवले तरी जात नाही. तो बुचातून आलेला दोष आहे आणि अशी बाटली दुकानात परत करणेच योग्य. चार-सहा वर्षांचीच पांढरी वाइन पिवळसर तपकिरी झाली असेल आणि तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर तिचे वेळेआधी ऑक्सिडेशन झाले आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पांढऱ्या बर्गंडीत हा दोष मोठ्या प्रमाणावर दिसू लागला, आणि बुचाचा दर्जा, सल्फरचे घटलेले प्रमाण व द्राक्षे दाबून रस काढण्याच्या बदललेल्या पद्धती अशा अनेक कारणांकडे बोट दाखवले गेले. तेव्हा एकाच वाइनच्या सहा बाटल्या साठवल्या असतील, तर सगळ्या दहा वर्षे बंद ठेवण्यापेक्षा पाचव्या वर्षी एक उघडून पाहावी. रंग ठीक असेल तर उरलेल्या पाच आडव्या करून पुन्हा अंधारात ठेवाव्यात.